भिंतीत गेलेला नळ

न्हाणीघराची जुनी लादी काढायला घेतली की पहिल्या दोन-तीन तासांतच अनेक घरांत एकच प्रसंग घडतो. छन्नीच्या घावाबरोबर प्लास्टरचा मोठा पोपडा सुटतो, मागची वीट काळपट आणि ओली दिसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घावाला पाण्याची बारीक चिळकांडी अंगावर येते. कुणीतरी चावी बंद करायला गच्चीवर धावते. तिथे टाकीखाली सारख्याच दिसणाऱ्या आठ-दहा चाव्या असतात आणि आपली कोणती हे सांगणारे कुणी नसते. तोवर खालच्या मजल्यावरचे शेजारी छताला पाणी आल्याचे सांगत दारात उभे राहतात. मग मिस्त्रीला बोल लावला जातो, ठरलेला खर्च वाढतो, पंधरा दिवसांचे काम महिन्यावर जाते आणि या सगळ्याला आपण ‘अचानक उद्भवलेली गळती’ म्हणतो. या ‘अचानक’ शब्दाला माझी हरकत आहे. पाणी त्या दिवशी दिसले एवढेच खरे. ते झिरपत बहुधा फार आधीपासून होते. आणि ते इतके दिवस दिसले नाही याला नशीब कारणीभूत नाही. नळ भिंतीत पुरायचा, वर लादी लावायची आणि तो कुठून गेला याची कुठेही खूण ठेवायची नाही, हा आपल्या बांधकामातला एक रिवाज आहे. त्याला फार तर पाच-सहा दशके झाली आहेत. आपल्याकडे नळाने पाणी खेळवण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे आणि त्या परंपरेने असा आंधळा नळ सहसा ठेवला नव्हता.

आधी त्या नळाकडेच नीट पाहू. एकोणीसशे साठ ते नव्वदच्या दरम्यान बांधलेल्या बहुतेक इमारतींत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ, म्हणजे बोलीतला जीआय पाइप, वापरलेला आहे. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते, हे त्या मुलाम्यामागचे साधे तत्त्व. पण दोन नळ जोडायचे तर टोकाला आटे पाडावे लागतात आणि आटे पाडताना नेमके तिथलेच जस्त निघून जाते. नळ जिथे सर्वांत पातळ होतो तिथेच तो उघडाही पडतो. त्या आट्यांवर प्लंबर सुतळी गुंडाळत आणि सफेदा लावून एल्बो किंवा सॉकेट घट्ट आवळत. काम चोख झाले तर हा जोड पंधरा-वीस वर्षेही टिके. पुढे सफेदा वाळतो, सुतळी कुजते, बाहेरून न्हाणीची ओल लागतेच, आणि गंज दोन्ही बाजूंनी चढत जातो. असा नळ कापून आडवा पाहिला तर अर्ध्या इंचाच्या पोकळीत तपकिरी थर साचून पाण्याला पेन्सिलीएवढीच वाट उरलेली दिसते. गंज मूळ लोखंडाहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पडलेले बारीक भोक तो स्वतःच अर्धवट बुजवतो. म्हणजे हा नळ शेवटची काही वर्षे गंजाच्या आणि भोवतीच्या सिमेंटच्या आधाराने उभा असतो. छन्नीचा हादरा बसला, किंवा जवळचा एखादा कॉक बदलायला पाना लावला, की तो आधार सुटतो. म्हणून ‘मिस्त्रीने नळ फोडला’ हा आरोप बहुतेक वेळा अर्धाच खरा असतो. निष्काळजी हात असतात, नाही असे नाही. पण धडधाकट नळ शेजारच्या लादीवरच्या घावाने फुटत नाही.

आता मागे जाऊ. नळ हा शब्द आपल्याकडे पोकळ बोरूच्या, वेताच्या जातीच्या गवतावरून आला. इंग्रजी प्लंबर शब्दाच्या मुळाशी शिशाचे लॅटिन नाव आहे, कारण तिकडे नळ आणि त्यांचे जोड शिशाचे असत. दख्खनमध्ये मात्र जमिनीखालून पाणी आणण्याची कला लोखंड आणि शिसे यांच्यावर अवलंबून न राहता वाढली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर-ए-अंबरी बांधली. पाणचक्कीची नहर अठराव्या शतकातली. तिचे पाणी काही किलोमीटरवरून भाजलेल्या मातीच्या नळांतून येते, भिंतीतून वर चढते आणि उंचावरून हौदात पडते. विजापुरात आदिलशाही काळात तोरवीकडून आणि 1651 च्या बेगम तलावाकडून शहरात पाणी आणताना वाटेवर ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारले. त्यांना गंज म्हणतात. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत दगडी बांधणीचा भुयारी नळ आला. या नळावर ठराविक अंतराने उच्छ्वास बांधलेले होते.

उच्छ्वास हा शब्द मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. जमिनीखालच्या नळाला श्वास सोडायला जागा हवी, हे त्या नावातच आहे. वाहत्या पाण्याबरोबर हवा अडकते, तिला बाहेर पडायला वाट लागते. नाहीतर प्रवाह अडखळतो आणि बांधकामावर ताण येतो. पण उच्छ्वासाचा उपयोग तेवढ्यावर संपत नसे. तिथून आत डोकावून पाणी किती आहे, गढूळ आहे की निवळ, गाळ कुठे साचला, हे कळे आणि माणसाला खाली उतरून साफसफाई करता येई. एका उच्छ्वासापाशी पाणी भरपूर आणि पुढच्यापाशी कमी दिसले, तर गळती या दोहोंच्या मध्ये आहे हे जमीन न खणता समजते. विजापूरचे गंजही पाण्याचा दाब मोडण्याचे आणि गाळ खाली बसवण्याचे काम करत. म्हणजे नळ पुरण्याला त्या कारागिरांचा विरोध नव्हता. मैलोनमैल नळ त्यांनी पुरले. पण पुरलेल्या नळाला त्यांनी तोंडे ठेवली आणि ती तोंडे जमिनीवर दिसतील अशी बांधली. पुण्याच्या जुन्या भागात आजही एखादा उच्छ्वास दिसला की खालून नळ कसा गेला असेल याचा माग काढता येतो.

मुंबईची गोष्ट वेगळ्या धातूची, पण तिथेही सुरुवात उघड्या नळानेच झाली. विहिरी, तळी आणि भिस्त्यांच्या पखाली यांवर तहान भागवणाऱ्या या बेटाला 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी मिळाले. त्याची योजना हेन्री कॉनिबेअरची. 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये तानसा आले. तानशाच्या प्रचंड जलवाहिन्या उपनगरांतून जमिनीवरून, आधारांवर ठेवलेल्या आजही दिसतात. एखाद्या जोडातून पाणी उडू लागले तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते दिसते. घरांपुरते पाहिले तर जुन्या मुंबईची खरी नळवाट होती घरगल्ली. दोन इमारतींच्या पाठींमधली ही अरुंद फट मुळात मैला वाहून नेण्यासाठी ठेवलेली. पुढे जमिनीखालून मलवाहिन्या आल्यावर बिडाचे उभे पाइप याच गल्लीकडच्या भिंतींवर चढले. एका बिडाच्या पाइपाच्या रुंद तोंडात दुसऱ्याचे टोक बसवायचे, फटीत तागाचा दोर ठोकून भरायचा, वर वितळलेले शिसे ओतायचे आणि ते थंड झाल्यावर बोथट छन्नीने ठोकून घट्ट करायचे, असा तो जोड. हा जोड सैल झाला की भिंतीवर ओघळ उमटे. कितव्या मजल्याला, कुणाच्या मोरीपाशी, हे खाली उभे राहून बोटाने दाखवता येई.

चाळीच्या खोलीतही हेच होते. कोपऱ्यातल्या मोरीला वीतभर उंचीचा कठडा, खाली दगडी फरशी, पाणी बाहेर जायला भिंतीत एक भोक, आणि पाण्याचा साठा पिंपात, हंड्या-कळशांत. नळ कित्येक ठिकाणी गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून. पुढे खोलीत नळ आला तोही भिंतीवरून, क्लॅम्पने धरलेला. त्यावर ऑइलपेंट चढे, कधी कपडे वाळत पडत. दिसायला तो ओबडधोबड होता, पण घरातल्या लहान मुलालाही आपला नळ कुठून येतो आणि कुठे वळतो हे माहीत असे. थेंब पडू लागला की त्याच दिवशी दिसे.

इथे कुणी म्हणेल की ही जुन्या काळाची भलामण झाली. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पुण्याच्या हौदांवर सर्वांना सारखा हक्क नव्हता. जोतीराव फुल्यांना 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला करावा लागला, यातच त्या काळच्या जलव्यवस्थेचा निवाडा आहे. मुंबईची घरगल्ली ज्यांनी डोक्यावरून मैला वाहून साफ ठेवली त्यांना समाजाने दारात उभे केले नाही. 1896 च्या प्लेगने दाट वस्त्यांतली ओल, अंधार आणि घाण किती माणसे मारू शकते हे दाखवले आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करावा लागला. शिवाय नळ उघडा असूनही जुनी घरे गळतच होती. मोरीचे पाणी लाकडी तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी मुरे, ते टोक कुजे आणि मजला खचे. घरे कोसळून माणसे दगावू लागली म्हणून 1969 मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. त्या कायद्याखाली मुंबई शहरातल्या 19,642 जुन्या इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांतल्या पहिल्या गटातल्या 1940 च्या आधीच्या. तेव्हा उघडा नळ म्हणजे चांगले घर, असे समीकरण मी मांडत नाही. सांगायचे एवढेच आहे की त्या घरांत दुखणे दिसत असूनही भाडे गोठलेले, मालक उदासीन आणि डागडुजी पुढे ढकललेली, म्हणून ते वाढले. आजच्या फ्लॅटमध्ये मालकी स्वतःची, पैसा खर्च करायची तयारी आहे, पण दुखणेच दिसत नाही. दोन्हींचा शेवट ओल्या भिंतीत होत असला तरी कारणे वेगळी आहेत, आणि दुसरे कारण दूर करणे पहिल्यापेक्षा खूप सोपे आहे.

हा बदल कधी झाला? 1960 चा सहकारी संस्था कायदा आणि 1963 चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांच्यानंतर मुंबई, ठाणे, पुणे इथल्या मध्यमवर्गाचे घर बदलले. खोलीऐवजी ब्लॉक आला. मोरी आणि सार्वजनिक संडास जाऊन घरातच न्हाणीघर आणि संडास आले, तेही पुष्कळदा घराच्या मधोमध. न्हाणीखालचा स्लॅब खोलगट टाकून त्यात सांडपाण्याचे पाइप बसवायचे, वर विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट यांचा कोबा भरायचा आणि वर फरशी. ही रीत मुळात चांगल्या हेतूची: खालच्या घराच्या छताला लोंबते पाइप दिसू नयेत आणि पाइपाची दुरुस्ती वरच्याच घरातून व्हावी. पण तो कोबा एकदा ओला झाला की पाणी धरून ठेवतो आणि पाणी जिथे मुरते तिथेच खाली उतरते असे नाही. न्हाणी ट्रॅपपाशी गळती असते आणि डाग उमटतो शेजारच्या खोलीच्या कोपऱ्यात. भिंतींचे तसेच झाले. चार इंची भिंतीत झिरी मारून नळ बसवला, सिमेंटने बुजवला, वर कमरेपर्यंत आणि पुढे छतापर्यंत लादी चढली. गच्चीवरची टाकी आली तसा या नळांवर सततचा दाब आला. दर दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो, या हिशेबाने सात मजली इमारतीच्या तळमजल्यावरचा नळ रात्रंदिवस दोन किलोंचा भार सोसत असतो. चाळीतल्या दोन तास येणाऱ्या नळाला उरलेला दिवस विश्रांती होती. या नळाला ती नाही.

1963 च्या कायद्याने बिल्डरला घरातल्या फिटिंगची आणि सुखसोयींची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक केले, ही मोठी गोष्ट होती. परंतु फिटिंग म्हणजे डोळ्यांना दिसणारे: तोटी, बेसिन, लादी. त्यांच्यामागे काय आहे, हे कुणी विचारले नाही. इमारत पूर्ण होताना परवानाधारक प्लंबरचा दाखला लागतो, मलवाहिन्यांचा आराखडा महापालिकेत जातो. पण आपल्या न्हाणीघराच्या भिंतीत गरम आणि गार पाण्याचे नळ कोणत्या उंचीवरून गेले, याचा कागद घर घेणाऱ्याच्या हातात सहसा पडत नाही. 2016 च्या रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डरवर टाकली. लोखंडी नळाचे जोड मात्र पाच वर्षांत बोलत नाहीत, ते विशीत बोलतात. तोवर बिल्डर नसतो, मूळ प्लंबर गावी गेलेला असतो, घर दोनदा विकले गेलेले असते. त्या भिंतीची आठवण असलेला एकही माणूस इमारतीत उरलेला नसतो आणि नेमक्या त्याच वेळी घराचे नूतनीकरण निघते.

दुसरा आक्षेप असा की आजच्या घरात नळ भिंतीवर उघडे ठेवायचे कसे? ते पुसायला त्रास, त्यांच्यामागे धूळ आणि झुरळे, गिझरचे तापलेले नळ मुलांच्या हाताला लागणार, आणि घर चांगले दिसावे ही इच्छा काही गुन्हा नाही. हे सगळे मला मान्य आहे. पण नळ उघडा ठेवायचा किंवा आंधळा पुरायचा, एवढेच दोन पर्याय नाहीत. तोंडे ठेवून पुरायची रीत या शहरांनाही माहीत आहे. कित्येक इमारतींत न्हाणीघरांना लागून उभा डक्ट असतो. त्यातून बिडाचे किंवा पीव्हीसीचे पाइप खाली जातात आणि न्हाणीच्या खिडकीतून ते दिसतात. दुर्दैवाने पहिला घाला या डक्टवरच पडतो. नूतनीकरणात न्हाणी हातभर वाढवायची म्हणून डक्ट आत ओढला जातो, खिडकी बुजवली जाते, तपासणीचे झाकण लादीखाली गाडले जाते. गॅलरी आत घेतली तशीच ही जागा आत घेतली जाते. चार चौरस फूट मिळतात आणि इमारतीचा उच्छ्वास बंद होतो.

तिसरा आक्षेप साहित्याचा आहे. आता लोखंडी नळ गेले, सीपीव्हीसी आले, त्यांना गंज चढत नाही, मग हा प्रश्न उरतोच कुठे? गंजाचा प्रश्न खरोखरच मिटला आणि ती सुधारणा मोठी आहे. पण प्लास्टिकचा जोड सॉल्व्हंटने चिकटवायचा असतो. टोक नीट पुसले नाही, किंवा जोड वाळायच्या आत पाणी सोडले, तर तो लगेच गळत नाही, काही महिन्यांनी गळतो. तोटी बसवायला पितळी आट्याचा एल्बो लागतो, आणि तो जास्त आवळला तर भोवतीच्या प्लास्टिकला बारीक तडा जातो. शिवाय लोखंडी नळाला लागलेले ड्रिलचे पाते करकरे, हाताला कळे. प्लास्टिकमधून ते लोण्यातून जावे तसे जाते. टॉवेलची दांडी लावायला मारलेले भोक नळातून जाते, स्क्रू त्या भोकात बूच बनून बसतो आणि गळती सुरू व्हायला वर्ष लागते. नळाचे साहित्य बदलले तरी तो कुठे आहे हे माहीत नसण्याची किंमत तीच राहिली.

गळती निघाल्यावर ती कोणाची, हा वाद गृहनिर्माण संस्थांत सर्वांत कडवट होतो. आदर्श उपविधींनी बाहेरच्या नळांची, गच्चीची आणि बाह्य भिंतींची जबाबदारी संस्थेवर आणि न्हाणी-संडासातून होणाऱ्या आतल्या गळतीची सभासदावर टाकली आहे. वाटणी वाजवी आहे. पण पाणी कुठून सुटले हेच ठरत नसेल तर वाजवी नियमही भांडण मिटवू शकत नाही. मग वरचा म्हणतो बाहेरच्या भिंतीची ओल, खालचा म्हणतो तुमची न्हाणी, आणि शोध घ्यायला पुन्हा लादीच फोडावी लागते. जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक झाली तेव्हा स्तंभ, तुळया आणि स्लॅब यांच्या नोंदी होऊ लागल्या. नळांची नोंद त्याच फाइलमध्ये एका कागदाने वाढली असती.

तो कागद तयार करायला आज कायद्याची वाट पाहायची गरज नाही. नूतनीकरणात भिंत एकदा उघडली की चार-पाच दिवस नळ डोळ्यांसमोर असतात. पुढच्या वीस वर्षांत पुन्हा तशी संधी नाही. लादी चढण्यापूर्वी नळ भरून, पंपाने दाब देऊन, एक रात्र तसाच ठेवायला प्लंबरला सांगा आणि सकाळी काटा उतरला का ते स्वतः पाहा. मग प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा: फरशीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर. न्हाणीघराच्या दाराशी हात पोहोचेल अशी घरापुरती एक चावी बसवून घ्या आणि गच्चीवरच्या आपल्या चावीला घराच्या क्रमांकाचा पत्रा बांधा. डक्टची खिडकी बुजवू नका. फोटोंची एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवा, एक संस्थेच्या कार्यालयात द्या, आणि घर विकाल तेव्हा किल्ल्यांबरोबर ती पुढच्याच्या हातात द्या.